हिशेबाची वही : शर्यतीचा बैल आणि वेगाची गाडी



बी-बियाणे, खते, औषधे यांविषयी विचारणारी मंडळी हल्ली जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात, "साहेब, गाडी घ्यावी म्हणतो. परवडेल का?" चार माणसे बसून बाजाराला, दवाखान्याला जाण्याइतकी साधी गाडी हवी असेल तर उत्तर अवघड नाही. पण घरातल्या तरुण पोरांच्या मनात बहुधा दुसरीच गाडी असते. टर्बो इंजिनाची, दीडशे हॉर्सपॉवरची, पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी. वडील विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" पोरगा म्हणतो, "बारा-तेरा." वडील मनात पेट्रोलचा हिशेब करतात, पैसे थोडे जास्त जातील असे म्हणतात आणि पोराच्या हट्टाला मान तुकवतात.

इथेच गफलत होते. पेट्रोल हा या गाडीचा सर्वांत मोठा खर्च नव्हेच. मग मोठा खर्च कोणता, आणि तो सोसून अशी गाडी कुणी घ्यावी, याचाच आज आपण हिशेब मांडू.

ताकद किती आणि लागते किती?

आधी ताकदीचे बघू. चांगली बैलजोडी दिवसभराच्या कामात साधारण एक हॉर्सपॉवर ताकद देते. आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा. म्हणजे दीडशे हॉर्सपॉवरची गाडी दारात उभी केली, तर तीन ट्रॅक्टर एका ठिकाणी बांधल्यासारखेच झाले. पण ही ताकद वापरात किती येते? सपाट, चांगल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जायला साध्या आकाराच्या गाडीला दहा-पंधरा हॉर्सपॉवर पुरतात. ताशी १२० ला साधारण तीस लागतात. बाकीची ताकद फक्त जोरात वेग घेताना, दुसऱ्याला मागे टाकताना आणि घाट चढताना कामी येते. एरवी ती नुसती बसून खाते.

वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा कसा वाढतो, हेही ध्यानात घ्या. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. म्हणूनच तीच गाडी ताशी ७० ने हाकली तर बरे ॲव्हरेज देते आणि १२० ने हाकली की टाकी डोळ्यांदेखत खाली येते. त्यात गाडीचा दोष नाही, पायाचा आहे.

आणि एवढा वेग वापरायचा कुठे? समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १००, आणि घाटात त्याहून कमी. गावापासून तालुक्यापर्यंतच्या रस्त्यावर खड्डे, शेळ्या-मेंढ्या आणि उसाच्या ट्रॉल्या यांतून चाळीस-पन्नासच्या वर काटा जात नाही. तिथे दीडशे हॉर्सपॉवरवाला आणि साठ हॉर्सपॉवरवाला एकाच वेळी घरी पोचतात.

दोन प्रकारचे खर्च

ट्रॅक्टरचा तासाचा खर्च काढताना आम्ही दोन भाग करतो. एक स्थिर खर्च : घसारा, गुंतलेल्या पैशाचे व्याज, विमा. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तरी हा खर्च चालूच असतो. दुसरा चालता खर्च : इंधन, वंगण, टायर, दुरुस्ती. चाक फिरेल तसा हा वाढतो. गाडीलाही हीच रीत लावायची.

समजा, वेगाची गाडी सगळे कर धरून १८ लाखांना दारात आली आणि साधी गाडी ८ लाखांना. दोन्ही पाच वर्षे वापरून निम्म्या किमतीला विकल्या. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवल्या. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले आणि व्याज ९ टक्के. हे आकडे हिशेबापुरते आहेत. तुम्ही आपल्या पंपाचा, आपल्या बँकेचा आणि विक्रेत्याकडून लिहून घेतलेला दर घाला. रीत तीच राहील.

वेगाच्या गाडीचा वर्षाचा खर्च असा :

घसारा – १,८०,००० रुपये
गुंतलेल्या पैशाचे व्याज (सरासरी साडेतेरा लाखांवर) – १,२१,५००
विमा – ५०,०००
पेट्रोल (लिटरला १२ किलोमीटर) – १,०५,०००
टायर (४८,००० चा संच, ४०,००० किलोमीटर) – १४,४००
सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती – ३०,०००
एकूण – ५,००,९००

साध्या गाडीचा असा :

घसारा – ८०,००० रुपये
व्याज (सरासरी सहा लाखांवर) – ५४,०००
विमा – २२,०००
पेट्रोल (लिटरला १८ किलोमीटर) – ७०,०००
टायर – ५,०००
सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती – १२,०००
एकूण – २,४३,०००

आता बघा. वेगाची गाडी किलोमीटरला जवळजवळ ४२ रुपये खाते, साधी २० रुपये. आणि त्या पाच लाखांत पेट्रोलचा वाटा किती? एक लाख पाच हजार, म्हणजे पाच रुपयांतला एक रुपया. साडेतीन लाख रुपये तर गाडी अंगणात नुसती उभी राहिली तरी जातात. दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलमध्ये फरक पस्तीस हजारांचा, पण एकूण खर्चात फरक दोन लाख अठ्ठावन्न हजारांचा. ॲव्हरेज विचारून गाडी ठरवणारा माणूस लहान गळती बुजवतो आणि मोठे भगदाड तसेच ठेवतो.

गाडी कमी वापरली तर खर्च वाचेल, असे काही जणांना वाटते. एकूण रक्कम थोडी कमी होते खरी, पण किलोमीटरचा दर चढतो. हीच गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली, तर किलोमीटरला सत्तर रुपयांच्या वर खर्च पडतो. मग गावातल्या भाड्याच्या गाडीचा दर विचारून पाहा आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

घसाऱ्याचा आकडा मी फुगवून धरलेला नाही. विमा कंपन्या वर्षानुवर्षे जे कोष्टक वापरत आल्या आहेत त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्ष पुरे होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरतात. तीही गाडीच्या मूळ किमतीवर. नोंदणीच्या वेळी भरलेला रस्ता कर वेगळाच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला तो १२ टक्के आहे. जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण चार मीटरपेक्षा लांब किंवा १,२०० सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर तो ४० टक्के आहे. कामाचे यंत्र आणि हौसेचे यंत्र यांत सरकारी कोष्टकानेही फरक केलेला आहे.

उसाच्या भाषेत

रुपयांचा आकडा मोठा असला तरी डोळ्यापुढे येत नाही. तो आपल्या पिकात मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. मग लागण, मशागत, खत, पाणी, मजुरी जाते. सगळे वजा जाता टनामागे हजार रुपये निव्वळ उरले आणि एकरी ४० टन ऊस निघाला असे धरा. मग पाच लाखांची गाडी पोसायला साडेबारा एकर उसाचा निव्वळ नफा लागतो. साध्या गाडीला सहा एकरांचा. तुमचे क्षेत्र किती, हे तुम्हीच आठवा.

मागे एका बागायतदारांच्या घरी माती-परीक्षणाचा अहवाल समजावायला गेलो होतो. चौदा एकर रान, पाणी बरे. मुलगा पदवीधर, शेतीत मन लावून काम करणारा. त्याने गाडीचा विषय काढला. वडील म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा ह्याला." मी म्हटले, "आबा, मी काही सांगत नाही. त्याला वही द्या आणि वरचा हिशेब त्यालाच करू द्या." पोराने अर्धा तास आकडेमोड केली. मग म्हणाला, "आबा, आपण वर्षभर राबायचं ते गाडीसाठी का?" त्याची आई आतून म्हणाली, "ठिबकचे पैसे मागत होते तेव्हा घरात पैसे नव्हते म्हणं." त्या घरात पुढे काय ठरले ते त्यांचे ते जाणोत. पण आईचे बोलणे हिशेबात धरण्याजोगे होते. गाडीला पैसे निघतात तेव्हा ते कशाचे तरी राहून गेलेले असतात.

महिन्याचा हप्ता आणि हंगामाचा पैसा

नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो, त्याला महिन्याचा हप्ता जमतो. आपला पैसा हंगामाला येतो. उसाचे बिल तुकड्यातुकड्याने, सोयाबीन-कापसाचे दिवाळीच्या आगेमागे, द्राक्षाचे उन्हाळ्याच्या तोंडाला. हप्ता मात्र पाच तारखेला दारात उभा. पाच लाख रोख भरून तेरा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २७,००० रुपये येतो. त्यावर पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती यांचे महिन्याला साडेसोळा हजार. म्हणजे साडेत्रेचाळीस हजार रुपये दर महिन्याला, बारा महिने, पाच वर्षे.

जून-जुलैत घरात पैसा नसतो. बी-खताला उसनवारी चालू असते. त्याच महिन्यांत हप्ता भरायला पीककर्जातली रक्कम वापरली जाते. मग पीककर्ज मुदतीत फिटत नाही, आणि मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात मिळणारी सवलत हातची जाते. पुढच्या साली नवे पीककर्ज अडते आणि बी-खताची सावकारी उधारी सुरू होते. गाडी घेताना यातले काहीच दिसत नाही. तीन वर्षांनी सगळे एकदम दिसते.

आणखी एक. व्यापारी माणूस धंद्याच्या गाडीचा घसारा आणि कर्जाचे व्याज नफ्यातून वजा करतो आणि तेवढा प्राप्तिकर वाचवतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे शेतकऱ्याला ही वजावटही नाही. शहरातल्या पाहुण्याला परवडलेली गाडी आपल्याला तशीच परवडेल, असे नव्हे.

जमिनीचा मोबदला हातात आलेल्या कुटुंबांनी तर दहादा विचार करावा. जमीन गेली, तिच्या बदल्यात पैसा आला. तो पैसा पाच वर्षांत निम्मा होणाऱ्या वस्तूत घातला तर पाचव्या वर्षी जमीनही नाही आणि पैसाही निम्मा.

जुनी वेगवान गाडी स्वस्त पडते का?

"साहेब, नवी नको, पाच वर्षांची वापरलेली घेतो. अठरा लाखांची आठ-नऊ लाखांत मिळते." हाही प्रश्न येतो. घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो, हे खरे. पण गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. टायर, ब्रेक, क्लच, टर्बो हे सगळे अठरा लाखांच्या गाडीचेच.

टर्बो म्हणजे धुराड्यातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिनही मोठी ताकद देते. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याची सारी भिस्त तेलावर असते. तेल बदलायला उशीर, हलके तेल, धुळीने भरलेला एअर फिल्टर हे त्याचे शत्रू. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर जसा आपण धुळीच्या दिवसांत वरचेवर पाहतो, तसेच इथेही पाहावे. महामार्गावर जोरात गाडी आणली तर उभी केल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर तसेच चालू ठेवावे.

जुनी गाडी घेताना एवढे पाहून घ्या :

१. सर्व्हिसिंगची नोंद सलग आहे का? मधली दोन वर्षे कोरी असतील तर ती गाडी सोडून द्या.

२. सकाळी थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करायला लावा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे.

३. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. '२३२२' म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर वेगात दगा देते.

४. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली नाही ना, हे कंपनीच्या केंद्रात तपासून घ्या. विमा कंपनीला न कळवलेला असा बदल भरपाईच्या वेळी आडवा येतो.

५. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले दंड तपासा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

६. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत कोणते पेट्रोल चालते ते वाचा. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर गेले. आपल्या उसाला त्याने गिऱ्हाईक मिळाले, ही चांगली गोष्ट. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत का, हे पाहावे लागते.

७. जवळचे सर्व्हिस केंद्र किती किलोमीटरवर? बुटक्या, रुंद टायरच्या गाडीला खड्ड्यात टायरची बाजू कापण्याची आणि पोट घासण्याची भीती असते. तुमच्या वस्तीच्या रस्त्यावरून पावसाळ्यात ती येईल का?

पैशापलीकडचा खर्च

एक खर्च वहीत लिहिता येत नाही. ताशी ६० ने जाणारी गाडी समोरचे संकट दिसल्यापासून कोरड्या रस्त्यावर पस्तीस-चाळीस मीटरांत थांबते. ताशी १२० असेल तर एकशे दहा मीटरांच्या वर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. रात्री खाली केलेल्या दिव्यांचा उजेड साधारण पन्नास मीटर. आणि गाळपाच्या हंगामात रस्त्यावर विनादिव्याच्या बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. म्हणजे ट्रॉली दिसेल तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसेल. गाडी घेतलीत तर हे पोराला शेजारी बसवून नीट सांगा. आणि आपल्या ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या आजच लावा. त्या काही महाग नाहीत.

हौसेचे काय?

एवढे वाचून कुणी म्हणेल, साहेबांना हौस म्हणून काही कळत नाही. तसे नाही. आपल्याकडे शर्यतीचा बैल पाळतात. तो नांगराला जुंपत नाहीत, गाडीला लावत नाहीत. कामाच्या बैलापेक्षा त्याची पेंड जास्त, वर दूध-अंडी. २०१४ च्या बंदीनंतर शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला तो काही नफ्यासाठी नाही. पण शर्यतीचा बैल पाळणारा जाणता माणूस एक गोष्ट पाळतो. तो कामाची बैलजोडी विकून शर्यतीचा बैल आणत नाही. आणि हा बैल शेतीला उपयोगी पडेल, असे स्वतःला पटवतही नाही.

वेगाच्या गाडीला हाच नियम लावा. ज्याचे पीककर्ज मुदतीत फिटते, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली आहे, विहीर-ठिबक-जनावरांचे गोठे यांचे काही अडलेले नाही, आणि एक साल गारपिटीने किंवा पडलेल्या भावाने गेले तरी ज्याचा हप्ता थांबणार नाही, त्याने जरूर घ्यावी. कष्टाच्या पैशाने घेतलेला आनंद हा काही गुन्हा नव्हे. अशी घरेही मी पाहिली आहेत. ती गाडीचा खर्च 'शेती' या सदरात लिहीत नाहीत, 'हौस' या सदरात लिहितात आणि दरवर्षी त्याची बेरीज करतात.

ज्यांचे मन द्विधा आहे त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. गाडी घेण्याआधी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सहा महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला २७,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका. पेरणीचे दिवस त्यात आलेच पाहिजेत. एकाही महिन्यात उसनवारी न करता हे जमले, तर तुमच्या गाठीला एक लाख बासष्ट हजार रुपये जमतील, तेवढे कर्ज कमी काढावे लागेल आणि हप्ता पेलेल की नाही हे अनुभवाने कळेल. ऑगस्टमध्येच हात आखडला, तर उत्तर तुम्हाला फुकटात मिळाले. जमलेले पैसे कुठे गेले नाहीत, खात्यातच आहेत.

हा हिशेब एकट्याने करू नका. घरातल्या सगळ्यांना बसवून, मालकिणीच्या आणि ज्याला गाडी हवी त्या मुलाच्या समोर वही उघडा. आकडे पोरानेच लिहू देत. बापाने 'नाही' म्हटले की पोर रुसते, वहीने म्हटले की विचार करते.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट न जाळता सरीत कसे कुजवावे, त्याविषयी लिहीन.